बॅटरीत जपलेली ओळख

सोळा इंच लांब, सोळा इंच रुंद आणि जेमतेम तीन इंच उंच. एप्रिल १९८९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने बाजारात आणलेल्या स्पार्कस्टेशन १ चा डबा इतका चपटा होता की जाणकारांत त्याचं नाव ‘पिझ्झा बॉक्स’ पडलं आणि तेच टिकलं. आत २० मेगाहर्ट्झचा स्पार्क प्रोसेसर, बोर्डाला समांतर आडव्या बसणाऱ्या एसबस या विस्तार-कार्डांसाठी तीन जागा, आणि कोपऱ्यात अखंड घुमणारा पंखा. झाकण उघडलं की सगळी मांडणी एका नजरेत कळते. कुठून वीज आत येते, कुठे डिस्क बसते, स्मृतीच्या पट्ट्या कुठे खोवायच्या, हे यंत्र स्वतःच दाखवतं.

हे घडवणारी कंपनी १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात उभी राहिली. अँडी बेख्तोल्सहाइम, बिल जॉय, स्कॉट मॅकनिली आणि पुण्यात जन्मलेले विनोद खोसला, असे तिचे चार संस्थापक. तिच्या यंत्रांवर युनिक्स चालायचं, आणि प्रयोगशाळांपासून चित्रपटापर्यंत ती सगळीकडे पोचली. १९९५ च्या ‘टॉय स्टोरी’ची चित्रं अंतिम रूपात साकारली ती पिक्सारमधल्या ११७ सन यंत्रांनी. २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली. कंपनीचं नाव मागे पडलं, पण तिचे चपटे डबे अजून कितीतरी हौशी माणसांच्या टेबलांवर आहेत.

त्यांचं जपणूकशास्त्र सुरू होतं एका काळ्या चिपपासून.

एम-४८-टी-०२ हे तिचं नाव. चोवीस पाय, दोन किलोबाइट स्मृती, पोटात घड्याळ, आणि माथ्यावरच्या टोपीत क्वार्ट्झचा स्फटिक व लिथियमचा सेल, दोन्ही कायमचे बंद केलेले. यंत्राची सारी ओळख या चिपमध्ये असते: त्याचा होस्ट क्रमांक आणि नेटवर्कवरचा इथरनेट पत्ता. कित्येक महागड्या सॉफ्टवेअरचे परवाने याच क्रमांकाला बांधलेले असत. सेलचं आयुष्य साधारण दहा वर्षांचं. तो संपला की यंत्र सुरू होतं, पण आपण कोण हे त्याला सांगता येत नाही. पडद्यावर ओळख अवैध असल्याची सूचना उमटते. मग शेजारची धडधाकट डिस्क सोडून ते नेटवर्कवर कुणी सर्व्हर हाक देतो का, याची वाट पाहत राहतं.

इथे हातांचं काम सुरू होतं. नवी चिप मिळाली तर ठीक, नाहीतर जुनीच दुरुस्त करायची. टोपीची एक कड कानशीने हळूहळू घासायची. सेलकडे जाणारे दोन बारीक धातूचे दुवे दिसले की थांबायचं, कारण स्फटिकाला धक्का लागला तर घड्याळ कायमचं गेलं. मेलेला सेल तोडून वेगळा करायचा, दोन तारा सोल्डर करायच्या आणि त्यांना तीन व्होल्टच्या सीआर-२०३२ नाणे-सेलचा होल्डर जोडायचा. पुढच्या वेळी सेल चिमटीत धरून बदलता येतो.

वीज परत आली तरी ओळख परत येत नाही. ती टंकावी लागते. कळफलकावर ‘स्टॉप’ आणि ‘ए’ एकत्र दाबल्या की ‘ओके’ अशी खूण येते. ही ओपनबूट, म्हणजे यंत्र सुरू करणारी प्रणाली. तिच्याशी फोर्थ भाषेत बोलता येतं. सनच्या पत्त्याचे पहिले तीन भाग ठरलेले: ०८, ००, २०. उरलेले तीन बऱ्याचदा चिपवरच्या बारकोडच्या लेबलावर छापलेले सापडतात, म्हणून ते लेबल कानशीपासून वाचवायचं. एकेक बाइट भरत जायचा, आणि पहिल्या पंधरांवरून काढलेली पडताळणीची संख्या सोळाव्या जागी ठेवायची. ती जुळली की यंत्राला त्याचा मूळ पत्ता मिळतो, कारखान्यातून निघताना होता तोच.

बाकीची दुखणी सावकाश येतात. पॉवर सप्लायमधले कपॅसिटर पाझरतात. त्यांवर सोल्डरिंगची गरम टोकं टेकली की सुक्या मासळीचा वास सुटतो, आणि खाली तांब्याच्या रेघा हिरव्या पडलेल्या दिसतात. त्या अल्कोहोलने पुसून नवे कपॅसिटर बसवायचे. पडून राहिलेल्या डिस्कचं डोकं तबकडीला चिकटतं. बंद वाड्याला ओल धरते तशी ही यंत्रं न वापरल्याने अधिक बिघडतात, म्हणून जाणती माणसं ती अधूनमधून चालवतात. स्कझी डिस्कच्या जागी आता मेमरी कार्डावर चालणारी छोटी पट्टी बसवता येते, पण मूळ डिस्कचा तो चढत जाणारा सूर ज्यांनी ऐकलाय त्यांना ही शांतता थोडी बोचते. जुना ऑप्टिकल माउस मात्र त्याच्या पॅडशिवाय चालत नाही. बारीक रेघांची जाळी असलेला धातूचा पॅड हरवला की बाण जागचा हलत नाही.

चिपमधलं घड्याळ वर्षाचे दोनच आकडे ठेवतं. सनने त्याची मोजणी १९६८ या लीप वर्षापासून धरली, म्हणून ते २०६७ पर्यंत पुरतं. युनिक्सची ३२ बिटांची सेकंदमोजणी मात्र त्याआधीच, १९ जानेवारी २०३८ ला, भरते. सनच्या युनिक्सला, १९९४ च्या सनओएस ४.१.४ ला, त्या मंगळवारी अडखळावंच लागेल. नेटबीएसडी या मुक्त प्रणालीने २०१२ च्या सहाव्या आवृत्तीत ही मोजणी ६४ बिटांवर नेली, आणि मार्च २०२४ मध्ये आलेल्या दहाव्या आवृत्तीतही ३२ बिटांच्या स्पार्कसाठी जागा ठेवली आहे. त्यामुळे तिच्यावर चालणारं स्पार्कस्टेशन त्या मंगळवारी पुढचा सेकंद बरोबर मोजू शकेल. तोवर नाणे-सेल एकदा तरी बदलावा लागेल, आणि कपॅसिटर पुन्हा तपासावे लागतील.