आधी कागद बघायचा

पावसाळा लागला की माझा फोन सकाळपासून वाजत असतो. रत्नागिरीत कचेरीच्या आसपास जेवढी झेरॉक्सची दुकानं आहेत, त्यांच्या जुलैतल्या तक्रारी एकाच साच्यातल्या. "दादा, कॉपी फिकी येतेय." "अक्षरं मधूनच पोकळ उमटतायत." "दोन-दोन कागद एकदम ओढतंय." निम्म्या वेळा मशीनला काहीच झालेलं नसतं. कागद हवेतला दमटपणा पिऊन बसलेला असतो. दमट कागदावर वीज ठरत नाही, आणि ड्रमवरची काळी पूड कागदावर ओढून आणायची ती विजेनंच. मी कपाटात एक साधा बल्ब लावून रिम तिथे ठेवायला सांगतो. दुसऱ्या दिवशी सातबारा पुन्हा काळाभोर निघतो.

अठ्ठावीस वर्षं मी ही मशीनं दुरुस्त करतोय. ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांना आम्ही काका म्हणायचो. त्यांनी पहिल्या वर्षी मला एकच गोष्ट शिकवली, तीही माझ्याकडून नुकसान झाल्यावर. एका दुकानातल्या मशीनच्या कॉपीवर उभी पांढरी पट्टी येत होती, वरपासून खालपर्यंत, बोटभर रुंद. मी ड्रम गेला असं ठरवलं, दुकानदाराला नवा ड्रम आणायला लावला, बसवला. पट्टी तिथेच. रात्री काकांपुढे ती कॉपी ठेवली. त्यांनी मशीनबद्दल एक अक्षर विचारलं नाही. कागद उजेडात धरला आणि म्हणाले, "कागद ज्या दिशेनं पळतो त्याच दिशेनं सरळ पट्टी आहे ना? मग दोष फिरणाऱ्या वस्तूत नाही, एका जागी उभ्या असलेल्या वस्तूत आहे. तार पुसलीस का?"

तार म्हणजे कोरोना वायर. ड्रमच्या अगदी जवळ, पण त्याला न टेकता ताणलेली, केसासारखी बारीक. तिच्यात काही हजार व्होल्ट सोडले की भोवतीची हवा भारित होते आणि ड्रमच्या अंगभर विजेचा सारखा थर बसतो. तारेवर एका ठिकाणी टोनरची धूळ साचली की ड्रमच्या तेवढ्या भागाला वीज कमी मिळते, पूड कमी चिकटते, आणि कागदावर पट्टी उमटते. मी स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस तारेवरून एकदा फिरवला. पट्टी गेली. त्या ड्रमचे पैसे मी पुढच्या तीन महिन्यांत दुकानदाराला फेडले.

तेव्हापासून मशीनचं झाकण उघडण्याआधी कॉपी हातात घेतो. एखादा ठिपका ठरावीक अंतरानं पुन्हा पुन्हा येत असेल तर मोजपट्टी लावून मोजतो. ९४ मिलिमीटर भरलं तर तो ३० मिलिमीटर व्यासाच्या ड्रमवरचा ओरखडा, कारण तेवढाच त्याचा घेर. १२६ भरलं तर ४० मिलिमीटरचा रोलर. कॉपी फिकी असेल तर कागद अर्ध्या वाटेवर असताना दार उघडून मशीन थांबवतो आणि ड्रम बघतो. ड्रमवर अक्षरं ठसठशीत असतील तर तिथवरचं सगळं ठीक, खोट पुढे. ड्रमवरच फिकी असतील तर खोट मागे. दोष दिसतो एका जागी आणि असतो दुसऱ्याच जागी, कारण या मशीनमध्ये प्रकाश आपलं काम करून विजेच्या हाती देतो, वीज पुडीच्या, पूड कागदाच्या, आणि कागदाला गिअर ओढून नेतात. कुणी किती काम करून पुढे दिलं, ते शेवटच्या कागदावरच कळतं.

ही साखळी पहिल्यांदा ज्यानं जुळवली त्याच्याबद्दल मी बरंच वाचलं. चेस्टर कार्लसन. १९०६ मध्ये अमेरिकेत सिअ‍ॅटलला जन्मला. वडील न्हावी, पण क्षयानं आणि संधिवातानं जायबंदी. शाळकरी वयातच घर चालवायची जबाबदारी त्याच्यावर पडली. आई तो सतरा वर्षांचा असताना क्षयानंच गेली. कॅलिफोर्नियातून भौतिकशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडला तो १९३० मध्ये, मंदीच्या ऐन तोंडावर. पुढे न्यूयॉर्कला एका विद्युत-उपकरणांच्या कंपनीत पेटंट विभागात लागला. तिथे रोज पेटंटच्या प्रती लागायच्या. टाइप करून घ्या, पुन्हा ताडून बघा, आकृत्या फोटो काढायला बाहेर पाठवा. रात्री तो कायद्याचं शिक्षण घेत होता आणि पुस्तकं विकत घेणं परवडत नसल्यानं वाचनालयात बसून पानंच्या पानं हातानं उतरवून काढायचा. त्यालाही संधिवात होता, नजर अधू होती. गरज काय असते हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही.

फोटोग्राफीच्या वाटेनं मोठमोठ्या कंपन्या आधीच चालत होत्या, म्हणून त्यानं रसायनांची वाट सोडली. काही पदार्थ अंधारात वीज अडवून धरतात आणि प्रकाश पडला की वाहू देतात, हे त्यानं वाचलं होतं. त्याच गुणावर त्याचा सगळा भर. घरच्या स्वयंपाकघरात गंधक वितळवून बघितलं, धूर आणि वास घरभर झाला. मग न्यूयॉर्कच्याच अ‍ॅस्टोरिया भागात एका बारच्या वर खोली भाड्यानं घेतली आणि ऑस्ट्रियातून आलेला ऑटो कोर्नेई नावाचा भौतिकशास्त्रज्ञ मदतीला ठेवला.

२२ ऑक्टोबर १९३८. कोर्नेईनं जस्ताच्या पत्र्यावर गंधकाचा पातळ थर चढवला. सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्टीवर शाईनं लिहिलं : १०-२२-३८ अ‍ॅस्टोरिया. खिडकीचे पडदे ओढले. गंधकाचा पृष्ठभाग रुमालानं जोरजोरात घासला. काचपट्टी त्यावर ठेवून दोघांनी काही सेकंद प्रखर दिव्याखाली धरली. काचपट्टी उचलली, लायकोपोडियम नावाची वनस्पतीपासून मिळणारी बारीक पूड शिंपडली आणि हळूच फुंकर मारली. सैल पूड उडाली, आणि गंधकावर ती अक्षरं उरली. मग मेणकागद वर दाबून पूड त्यावर घेतली आणि कागद गरम करून ती पक्की केली.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी वर्कशॉपमध्येच होतो, समोर मशीन उघडं. एकेक पायरी माझ्या समोरच्या भागांवर बसत गेली. रुमालाची जागा कोरोना वायरनं घेतली आहे. काचपट्टीच्या जागी आरसे आणि लेन्स. शिंपडायच्या पुडीच्या जागी डेव्हलपर युनिट. दाबलेल्या मेणकागदाच्या जागी ट्रान्सफर. गरम करायचं काम फ्युजरकडे. मी स्पिरिटचा कापूस फिरवतो तो खरं म्हणजे कोर्नेईच्या रुमालाच्या वारसावर, असं तेव्हा मनात आलं, आणि अजूनही तार पुसताना येतं.

वीसहून जास्त कंपन्यांनी हा शोध नाकारला. त्यात आयबीएम होती, जनरल इलेक्ट्रिक होती, कोडॅक होती. गंधकावरची पुसट अक्षरं बघून कुणालाही त्यात कचेरीचं यंत्र दिसलं नाही. माझं मत असं की प्रकाशवाल्यानं प्रकाश बघितला, विजेवाल्यानं वीज बघितली, आणि कुणाच्याच खात्यात ते पूर्ण बसत नव्हतं. कार्लसनला मात्र पेटंटच्या नोकरीमुळे सगळ्या खात्यांचे कागद वाचायची सवय होती. १९४४ मध्ये ओहायोतल्या बॅटेल संस्थेनं काम हाती घेतलं. गंधकाऐवजी सेलेनियम आलं, रुमालाऐवजी तार आली, पुडीत तिला वाहून नेणारे कण मिसळले गेले. रॉचेस्टरच्या हॅलॉइड कंपनीनं हक्क घेतले आणि पहिल्या प्रयोगाला बरोबर दहा वर्षं झाली त्या दिवशी, २२ ऑक्टोबर १९४८ ला, डेट्रॉइटमध्ये प्रकाशशास्त्रज्ञांच्या परिषदेत हा शोध जगापुढे मांडला. कोरडं लेखन या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून त्याला झेरोग्राफी हे नाव मिळालं होतं. आज आमच्या कोकणात शाळकरी मुलगीसुद्धा "पाठपोट झेरॉक्स द्या" म्हणते.

बटण दाबलं की साध्या कागदावर कॉपी, असं पहिलं मशीन १९५९ मध्ये आलं. नाव ९१४, कारण ९ बाय १४ इंचांपर्यंतचा कागद त्यात चालायचा. वजन ६४८ पौंड, म्हणजे जवळजवळ ३०० किलो. ड्रम पुसायला सशाच्या केसांचा ब्रश होता. कागद फ्युजरमध्ये अडकला तर पेट घ्यायचा, म्हणून सोबत छोटं अग्निशामक दिलेलं. दुरुस्ती सारखी लागायची. हॅलॉइडची पुढे झेरॉक्स कंपनी झाली; तिच्याच ज्युलियन ऑर नावाच्या अभ्यासकानं नंतर कंपनीच्या मेकॅनिकांबरोबर राहून पुस्तक लिहिलं. त्याला दिसलं की कंपनीच्या छापील सूचनांपेक्षा ही माणसं जेवताना एकमेकांना सांगितलेल्या मशीनच्या हकिगतींवर जास्त चालतात. आम्हीही तेच करतो. चिपळूणच्या मित्राला आलेला दोष मला सहा महिन्यांनी येतो, तेव्हा मला उत्तर माहीत असतं.

जुन्या अ‍ॅनालॉग मशीनची वरची काच काढून कुणाला आतलं दाखवायला मला फार आवडायचं. दिव्याबरोबर पहिला आरसा सरकतो. त्यामागची दोन आरशांची गाडी बरोबर निम्म्या वेगानं सरकते. का? तर कागदापासून लेन्सपर्यंत प्रकाशाला कापावं लागणारं अंतर सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेवढंच राहावं, अक्षर धूसर होऊ नये. हे प्रकाशाचं गणित सांभाळतं कोण? एक पोलादी दोरी आणि चार पुल्या. दोरी पुलीवरून घसरली आणि गाडी तिरकी झाली की पानाची एक बाजू स्वच्छ, दुसरी धूसर. नवशिके लेन्स पुसत बसतात.

आता ही मशीनं भंगारात गेली. आजच्या डिजिटल मशीनमध्ये कागद एकदाच वाचला जातो आणि लेझर ड्रमवर लिहितो. बहुतेक ठिकाणी उलटा हिशेब आहे : पूर्वी उजेड पडेल तिथे पांढरं राहायचं, आता लेझर पडेल तिथे काळं होतं. सेलेनियम गेलं. पुष्कळ मशीनमध्ये तारही गेली, तिच्या जागी रबरी रोलर आला. पण ड्रमला वीज द्यायची, प्रकाशानं ती कमी-जास्त करायची, पूड चिकटवायची, कागदावर घ्यायची, गरम करून पक्की करायची, हा क्रम अ‍ॅस्टोरियाच्या त्या खोलीत होता तसाच आहे.

हाताखाली येणारी मुलं हुशार आहेत. स्क्रीनवर एरर कोड दिसला की मोबाइलवर अर्थ शोधतात आणि सांगितलेला भाग बदलतात. कोड सांगतो मशीन कुठे थांबलं. कॉपी का बिघडली, ते तो पुष्कळदा सांगत नाही. त्यांना मी कार्लसनचं पेटंट वाचायला देतो. ६ ऑक्टोबर १९४२ ला मंजूर झालेलं, अमेरिकी क्रमांक २२९७६९१. भाषा कायद्याची असली तरी आकृत्या बघितल्या की आपल्या हातातल्या मशीनची हाडं दिसतात. त्याची एक प्रत माझ्या हत्यारांच्या पेटीत कायम असते. या कामात उतरलेल्या कुणा मुलाला किंवा मुलीला ती हवी असेल तर वर्कशॉपवर या. झेरॉक्स काढून देतो.