बडोद्याची मोतीबाग

बडोदे म्हटले की आपल्याला सयाजीराव महाराज आठवतात, नाहीतर चिवडा. मला मात्र मोतीबाग मैदान पाहायचे होते. दांडिया बाजाराकडून निघालो. दुकानांच्या पाट्या गुजराती, पण कानावर मराठी पडत होती. घरात एक भाषा आणि बाजारात दुसरी, हे आपल्या सीमाभागातल्या माणसाला काय नवीन? गाव परके वाटलेच नाही.

मोतीबाग लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारातच आहे. तिथे पोचल्यावर पहिल्यांदा विजय हजारे आठवले. १९१५ साली सांगलीत जन्मलेले, म्हणजे आपले शेजारीच. बडोद्याकडून खेळले आणि २००४ साली बडोद्यातच गेले. मार्च १९४७ मध्ये याच शहरात रणजी करंडकाचा अंतिम सामना झाला. होळकर संघाविरुद्ध हजारेंनी २८८ आणि गुल महंमदने ३१९ धावा काढल्या. चौथ्या विकेटसाठी दोघांची ५७७ धावांची भागी! संगकारा-जयवर्धने जोडीने २००६ मध्ये ६२४ धावा करेपर्यंत हा जागतिक विक्रम टिकला. बडोद्याने तो सामना एक डाव आणि ४०९ धावांनी जिंकला.

त्या काळी संस्थानिक चांगले खेळाडू पदरी ठेवत. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. दरबार गेला, तसा खेळही जाईल असे कुणालाही वाटले असते. पण १९४९-५० मध्ये करंडक पुन्हा बडोद्याकडे आला. १९५७-५८ मध्ये दत्ता गायकवाडांच्या नेतृत्वाखाली आला. २०००-०१ मध्ये जेकब मार्टिनच्या संघाने रेल्वेला २१ धावांनी हरवून तो पाचव्यांदा जिंकला. आपल्या श्रीरामपूरचा झहीर खान त्या संघात होता.

हे सांगायचे कारण वेगळे आहे. हल्ली घरातली मुले क्रिकेटपेक्षा फुटबॉलवर जास्त बोलतात, म्हणून चीनमधल्या ग्वांगझू शहराच्या क्लबची गोष्ट कळली. २०१० मध्ये एव्हरग्रांद या घरबांधणी कंपनीने तो विकत घेतला आणि पैसा ओतला. २०११ ते २०१९ या काळात क्लबने चीनची लीग आठ वेळा जिंकली. २०१३ आणि २०१५ मध्ये तो आशियाचा विजेता ठरला. पुढे कंपनी कर्जात बुडाली. देणी फिटेनात, खेळण्याचा परवाना मिळेना. जानेवारी २०२५ मध्ये क्लबच बंद झाला.

दोन्हीकडे पाठीशी धनी होता आणि दोन्हीकडे तो गेला. मग बडोदे कसे टिकले? मला वाटते, उत्तर दत्ता गायकवाडांच्या आयुष्यात आहे. खेळणे थांबल्यावर ते मुलांना शिकवत राहिले. मशिदीच्या आवारात वाढलेला इरफान पठाण त्यांच्याच हाताखाली तयार झाला. २०२४ मध्ये, वयाच्या ९५ व्या वर्षी ते गेले. राजाच्या पैशाने संघ उभा राहिला, पण पुढच्या मुलाला बॅट धरायला शिकवणारा माणूस गावातच राहिला.

आपल्याकडेही गावोगावी पुढाऱ्यांच्या नावाचे चषक असतात. पुढारी निवडणुकीत पडला की स्पर्धा बंद आणि मैदानात गवत! मराठीत काय, कन्नडात काय, सावकार तो सावकारच. त्याचा पैसा जरूर घ्यावा. पण संध्याकाळी मैदानावर मुलांना शिकवणारा एखादा गायकवाड आपल्या गावात आहे का, तेही पाहावे. असेल तर आधी त्याला जपावे.