ऊन वाया चाललं वं!

आमच्या गल्लीत म्हाताऱ्या माणसांचं राज्य वर्षातून दोनच महिने यायचं. हिवाळ्यात ती शेकोटीपाशी, मे महिन्यात दारं लावून अंधाऱ्या खोलीत, पावसाळ्यात ओसरीच्या कोपऱ्यात. पण होळी जळाली की पार अक्षय तृतीयेपर्यंत कारभार त्यांचा. हाडांना सोसणारं आणि वाळवणाला पुरणारं ऊन तेवढेच दिवस मिळतं, आणि त्या उन्हाचा हिशेब त्यांनाच ठाऊक. सकाळचे सात वाजले नाहीत तोच आजीची हाक यायची, "उठा वं पोरींनो, ऊन वाया चाललं!"

पाणी वाया गेलेलं दिसतं, अन्न वाया गेलेलं दिसतं. ऊन वाया कसं जातं, हे आम्हाला उमगायचं नाही. पण हाक आली की उठावं लागायचं, कारण आपण निजलो होतो तीच गोधडी आता वाळत घालायची असायची.

आमचं अर्धं घर पांढुर्ण्याला, अर्धं सौंसरला. इकडे लग्न निघालं की तिकडच्या बाया आठ दिवस आधी पापडाला हजर. दोन्ही गावं मराठीत जेवणारी आणि हिंदीत अर्ज लिहिणारी. १ नोव्हेंबर १९५६ ला नागपूर महाराष्ट्राच्या वाटेने गेलं, आम्ही मध्यप्रदेशातच राहिलो. आमचे आजोबा, म्हणजे आबाजी, म्हणायचे, "आमी कुठी नाई गेलो बाप्पा, राजधानीच उठून गेली." तेव्हापासून आमचं असं झालं की कागद छिंदवाड्याला, डोळ्यांचा डॉक्टर नागपूरला आणि कुरडई घरी.

आबाजी रिटायर झाले तेव्हा विदाई समारोहात त्यांना शाल, श्रीफळ आणि एक कडक निळी सूटकेस मिळाली होती. आता गावोगाव फिरा, असं कुणीतरी भाषणात म्हणालं. ती सूटकेस कुठे फिरली नाही. आजीने तिला आतून फडक्याने पुसलं, तळाशी वर्तमानपत्र घातलं आणि त्यात सरगुंडे, म्हणजे काडीवर गुंडाळून वाळवलेल्या कणकेच्या नळ्या, भरले. पुढची वीस वर्षं आमच्याकडे पाहुणे आले की "सूटकेस काढा" म्हणजे जेवणात सरगुंडे, एवढाच अर्थ होता.

वाळवणाची सुरुवात कुरडईने. गहू तीन दिवस भिजत, पाणी रोज बदलायचं, मग वाटायचे, गाळायचे, रात्रभर तो चीक निवळू द्यायचा आणि पहाटे वरचं पाणी ओतून चुलीवर शिजवायचा. हे सगळं चार वाजताच्या अंधारात, कारण उन्हाच्या पहिल्या तिरपीला सोऱ्या हातात हवा. गल्लीतल्या पाच-सहा आज्या पदर खोचून जमायच्या. एरवी गुडघे धरून "माय वं" म्हणत उठणाऱ्या या बाया, कुरडईच्या दिवशी मात्र जिना चढून गच्चीवर. बाज टाकली, तिच्यावर आबाजींचं जुनं धोतर ओलं करून पसरलं, की एकीने पाडायच्या, एकीने गरम चीक पुरवायचा, एकीने ओळ वाकडी झाली म्हणून बोलायचं. बोलणारी सगळ्यात म्हातारी असायची. तो मान होता.

आम्हा पोरांचा हक्क चिकावर. कुणाला दूध-साखर घालून, कुणाला तेल-तिखट घालून, वाटीभर गरम चीक मिळाला की शाळेत नाही गेलं तरी चालायचं. मग उडदाचे पापड आणि त्यांच्या तेलात बुडवलेल्या लाट्या. मग ज्वारीचे धापोडे, मुगवड्या, सांडगे. शेवया, सरगुंडे. गहू संपला की मिरच्या, मिरच्या संपल्या की हळद, आणि काहीच उरलं नाही तर गाद्या.

राखणीचं काम पुरुष म्हाताऱ्यांचं. डोक्यावर पंचा, हातात वेळूची काठी, खुर्ची सावलीत आणि पाय उन्हात. कावळा आला की "हाड्!" म्हणायचं. आबाजी "हाड्" म्हणायचे ते बहुतेक झोपेतच. दुपारी आजी वर येऊन पापड मोजायची. दोन-चार कमी भरायचे. कावळ्याच्या नावावर किती आणि नातवंडांच्या नावावर किती, याचा निकाल आजवर लागलेला नाही.

या झोपेवरून गुरुजी आबाजींना बोलायचे. ते शाळेतून रिटायर झालेले आणि आयुर्वेदाची पोथी बाळगणारे. वाग्भटाने वसंतात दिवसा झोपू नये असं सांगितलंय, हिवाळाभर साठलेला कफ या उन्हाने पातळ होतो आणि भूक मंदावते, म्हणून अंग मोडून काम करावं, जड खाऊ नये, उटणं लावावं. दुपारच्या झोपेला त्याची परवानगी पुढे ग्रीष्मात. आबाजी शांतपणे म्हणायचे, "मंग मी महिनाभर आधी सुरुवात केली असं समजा." आजीने वाग्भटाचं नावही ऐकलं नव्हतं, पण उटणं, सुंठ, कमी जेवण आणि जास्त काम हे तिच्याकडे पिढीजात चालत आलं होतं. झोपेचा मुद्दा तेवढा ती गुरुजींच्या बाजूने मांडायची.

उटणं म्हणजे संत्र्याच्या साली. आमच्याकडे आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या आगेमागे निघतात, आणि मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणजे होळीच्या सुमाराला झाडावरचं फळ उतरत असतं आणि दुसऱ्या बागेतल्या आंबियाच्या फुलांचा वास नुकताच ओसरलेला असतो. संत्रं खाल्लं की साल सुपात टाकायची, अशी सक्त ताकीद. कुणी साल खिडकीतून फेकली की आजी म्हणायची, "बागवाल्याची पोरगी दिसते!" आम्ही बागवाल्याच्या पोरी नव्हतो, म्हणून साली सुपात. उन्हात कडक झाल्या की कुटून, बेसनात कालवून, ज्याच्या त्याच्या अंगाला.

होळीच्या आठ-दहा दिवस आधी शेणाच्या चाकोल्या व्हायच्या, मधोमध भोक पाडून, वाळवून, सुतळीत ओवून. (ताटातल्या वरणात शिजतात त्या चकोल्या. दोघींत एका काण्याचा फरक. बाहेरून आलेल्या सुनांना तो पहिल्या वर्षी महागात पडायचा.) चाकोल्या थापणाऱ्याही आज्याच, कारण त्यांच्या हाताला माप होतं. मग कुणीतरी सातपुड्याच्या पायथ्याकडून पोतंभर पळसाची फुलं आणायचं. पितळी गुंडात रात्रभर भिजवून उकळली की केशरी पाणी. अर्धं रंगाला, अर्धं आमच्या आंघोळीला. त्या आंघोळीने उन्हाळभर घामोळं येत नाही, असं आजीचं म्हणणं. आम्हाला घामोळं यायचंच. ती म्हणायची, "ते पाण्यात नाई, तुमच्या नशिबात हाय." गळ्यात साखरेची गाठी असल्यामुळे आम्ही वाद घालत नसू, तोंड रिकामं नसायचं.

पाडव्याला कडुलिंब. कोवळी पानं, फुलं, ओवा, हिंग, चिंच, मिरे, मीठ आणि दयाबुद्धीने जरासा गूळ, सगळं वाटून सुपारीएवढी गोळी. आबाजी रांगेत उभं करायचे आणि स्वतः पहिली खायचे, चेहऱ्यावरची रेघ न हलवता. खूप वर्षांनी कळलं की त्यांच्या गोळीत गूळ वेगळा पडायचा.

एक दिवस पिंजाऱ्याचा. धनुकलीचा तो टणत्कार आला की गल्लीतल्या सगळ्या गाद्या एकदम आजारी पडायच्या. हिवाळाभर दबलेला कापूस उकलून, पिंजून, फुगवून पुन्हा भरायचा. अंगणात पांढरं धुकं. उरलेल्या कापसाच्या आज्या वाती वळत. लाख वातींचा संकल्प सोडलेल्या बाईची बोटं बोलतानाही थांबायची नाहीत. आता बोटांचा व्यायाम म्हणून हातात रबरी चेंडू देतात तेव्हा आम्हाला त्या वातींची परडी आठवते. गुडघ्यांना मोहटोळीचं कोमट तेल लावून, पाय उन्हात सोडून, मांडीवर परडी घेऊन त्या बसायच्या. कुणाची सून कशी, हेही त्याच बैठकीत वळलं जायचं, फार बारीक.

पुरुषांची बैठक पिंपळाच्या पारावर, आणि चैत्र लागला की प्याऊवर. शुद्ध मराठीत त्याला पाणपोई म्हणतात, हे आम्हाला नागपूरला शिकायला गेल्यावर कळलं. वाळूत अर्धे पुरलेले चार रांजण, त्यांना ओलं पोतं, आत वाळ्याची जुडी, वर पळाट्यांचा मांडव. पाळ्या लावलेल्या असत: सकाळी गुरुजी, दुपारी तारबाबू, उतरत्या उन्हात रेल्वेतले आबाजी, जे वेळ घड्याळात न पाहता "जी.टी. गेली" यावरून सांगायचे. लांब दांड्याच्या वगराळ्याने ओंजळीत पाणी ओतायचं, बारीक धार, थेंब सांडू न देता. जाम नदीपलीकडून आलेला बाजारकरू पाणी प्यायचा, तोंडावर हात फिरवायचा आणि कापसाचा भाव सांगून जायचा. गावात पहिली बातमी प्याऊवर फुटायची, म्हणून पाळी कुणी चुकवत नसे.

संध्याकाळी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना. रांगा सरळ, पाठी ताठ, भगव्या टोप्या. दिवसभर वाकलेले म्हातारे तेवढा वेळ कसे काय ताठ बसायचे कोण जाणे. नंतर खंजिरी निघायची आणि मग ज्यांना ऐकू कमी यायचं तेही तालावर मान हलवायचे.

नागपूरहून छिंदवाड्याला जाणारी छोटी लाईन होती तोवर सौंसरचे म्हातारे नागपूरहून मोतीबिंदू काढून तिनेच परतायचे, हिरव्या पट्टीसकट, अख्ख्या डब्याला ऑपरेशन सांगत. २०१५ मध्ये ती बंद झाली. नंतर मोठी लाईन आली. आता ऑपरेशन सांगून संपायच्या आत गाव येतं.

तर अशा घरातले आम्ही, आता स्वतः रिटायर झालो. आमच्यात चैत्रात जन्मलेले कितीतरी आहेत, पण शाळेत नाव घालताना गुरुजींनी सगळ्यांना १ जुलै लिहून टाकलं. पहिल्या तारखेचा जन्म असला की आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्ती, त्यामुळे आम्ही सगळे ३० जूनला, ओळीने, पावसाच्या तोंडावर घरी बसलो. शाल मिळाली, श्रीफळ मिळालं. सूटकेस नाही, आता भिंतीवरची देवाची तसबीर देतात, तिच्यात सरगुंडे मावत नाहीत.

२०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं, कागद छिंदवाड्याहून जवळ आले. पहाटे बगिच्यात आम्ही टाळ्या वाजवतो, हात वर करून हसतो. डॉक्टर 'ड' जीवनसत्त्व कमी आहे म्हणतात आणि पुडी लिहून देतात. पुडी आम्ही सावलीत बसून दुधातून घेतो. पापड बचत गटाकडून येतो, चांगला असतो. तरी दरवर्षी एक दिवस गच्चीवर पाटीभर कुरडया पाडतोच. वर नायलॉनची जाळी टाकतो, तिच्याजवळ खुर्चीही टाकतो. जाळीत कावळा शिरत नाही. खुर्ची कशाला, असं सुनेने एकदा विचारलं होतं.

यंदा मारुतीच्या जन्माला आम्ही पाच जणांनी ठरवलं, सौंसरहून जामसावळीला पायीच जायचं, आबाजी जायचे तसं. तिथला मारुती निजलेला आहे, पिंपळाखाली, आणि निजूनही सगळ्यांची कामं करतो. आबाजी आजीला हाच दाखला द्यायचे. जाताना ठीक झालं. ऊन चढायच्या आत पोहोचलो, दर्शन झालं, नारळ फुटला. येताना रस्ता लांबला की पाय आखडले, कळलं नाही. एक ऑटोवाला थांबला, ओळखीचा निघाला.

गल्लीच्या तोंडाशी उतरलो आणि तिथून चालत घरी आलो, जरा लंगडत. दोन्ही वेळा पायीच, असं सांगितलं. नातवाने माझा फोन हातात घेतला, पावलं पाहिली, माझ्याकडे पाहिलं. काही बोलला नाही. आत गेला आणि वाटीत सुंठ-गूळ आणून पुढ्यात ठेवला.