चिंगी आणि भुऱ्या

चिंगी आमच्याकडे राहिली ती उंदरांच्या निमित्तानं. आसेगावातलं आमचं घर जुनं, मातीच्या भिंतींचं. वर टिनं, पुढे सपरी, मागे बैल विकल्यापासून रिकामा पडलेला कोठा. सोयाबीन निघून कट्टे घरात आले की थप्पीमागे उंदीर शिरतात आणि तूर येईपर्यंत हलत नाहीत. धान्याच्या खोलीत विष ठेवायचं नाही, हा आत्याबाईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, नियम. म्हणून पांढऱ्या-काळ्या-पिवळ्या अंगाची ती भाटी खिडकीतून आत आली तेव्हा त्यांनी तिला हाकललं नाही. अशा तीन रंगांच्या मांजरी जवळजवळ सगळ्या माद्याच असतात, हे मी फार पुढे वाचलं. आत्याबाईंना ते आधीपासून ठाऊक होतं. "पाय बरं, कोठ्यात पिल्लं होतीन आता," त्या म्हणाल्या, आणि झालं तसंच.

कुटाराच्या ढिगात तिनं पिल्लं घातली. त्यातली दोन काही कारण न कळता सुकत गेली. गावात कुणाला त्याचं नवल वाटलं नाही, मांजराची सगळी पिल्लं जगतात कुठे! एक शेजारी गेलं, एक राहिलं. तो भुऱ्या.

चिंगी अलिप्त होती. कुणी उचललेलं तिला खपायचं नाही. दूध निवेपर्यंत ती चुलीपासून हातभर दूर, आमच्याकडे पाठ करून बसायची. मागायची मात्र नाही. तिचा सगळा जीव भुऱ्यात. तो वाढून तिच्या दीडपट झाला, रात्री गावभर मारामाऱ्या करून कान फाडून घेऊ लागला, तरी दिवेलागणीला ती त्याला सपरीत आडवं पाडायची, मानेवर पंजा ठेवायची आणि कानापासून हनुवटीपर्यंत चाटून काढायची. एवढा दांडगा बोका डोळे मिटून पडून राही. दोघं एकाच ताटलीत जेवत. शाळेतून तपासायला आणलेल्या वह्या बाजूला ठेवून मी ते पाहत बसे. शाळेच्या आवारात सापडलेली ढवळी पुढे आमच्याकडे आली, पण तिला या दोघांनी कधी जवळ केलं नाही. ती आपली माझ्या खाटेखाली.

२०२२ सालचा पोळा होऊन गेला होता. त्या वर्षी लम्पी या गुरांच्या आजारानं वऱ्हाड हवालदिल केलं. आपल्याकडचे पशुवैद्यकीय दवाखाने मुळात गाईबैलांसाठी उभे राहिलेले, आणि तेव्हा तर डॉक्टर सकाळपासून गोठ्यागोठ्यांतून लस टोचत फिरत होते. त्या दिवसांत भुऱ्यानं जेवण सोडलं. त्याआधी आठवडाभर तो एक विचित्र गोष्ट करत होता. कोठ्याची मातीची भिंत चाटायचा, एकाच जागी, खळगा पडेपर्यंत. ते पहिल्यांदा आत्याबाईंच्या लक्षात आलं. "पोरी, याच्या अंगात रगत नाई राह्यलं. बाईमानूस असंच माती खाते, रगत कमी झालं की." मी त्याचा ओठ वर करून पाहिला. गुलाबी असायला हव्या त्या हिरड्या पांढऱ्याफटक होत्या.

टमाट्याचे दोन कॅरेट एकावर एक पालथे घालून सुतळीनं बांधले, आत जुनं लुगडं अंथरलं आणि आम्ही निघालो. मंगरूळपीरपर्यंत काळीपिवळी, तिथून बार्शीटाकळीवरून अकोला. शेजारच्या बाईंनी विचारलं, "कोंबडी हाय का वो?" मांजर आहे म्हटल्यावर त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मांजरीले कोनी दवाखान्यात नेते का?" पण उतरताना कॅरेट त्यांनीच धरलं.

अकोल्यात स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था आहे म्हणून त्या शहरात कुत्र्या-मांजरांवर उपचार करणारे हात तरी आहेत. आमच्या भागासाठी ही फार मोठी सोय आहे. डॉक्टरांनी भुऱ्याला हात लावण्याआधी विचारलं, "ताई, घरातली तापाची गोळी दिली का याला?" नव्हती दिली. "बरं केलं," ते म्हणाले आणि त्यांनी जे सांगितलं ते मी तेव्हापासून भेटेल त्याला सांगत आले आहे. आपण सर्रास घेतो ती पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. ते औषध पचवून बाहेर टाकण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात पुरेशी नसते. रक्तातल्या तांबड्या पेशी नासतात, हिरड्या तपकिरी पडतात, श्वास लागतो. कांदा-लसणाचंही तसंच, फक्त हळूहळू. आपण रश्श्यात बुडवलेली भाकर मायेनं मांजरापुढे टाकतो, ती तिच्या रक्ताला बाधते.

भुऱ्याच्या रक्ताचे थेंब एका छोट्या पट्टीवर सोडले. करोनाच्या चाचणीसारखीच ती पट्टी, थोड्या वेळानं दोन रेषा. मांजरांचा रक्ताचा कर्करोग घडवणारा विषाणू, फेलाइन ल्युकेमिया. तांबड्या पेशींचं प्रमाण निरोगी मांजरात साधारण २५ ते ४५ टक्के असतं. त्याचं १४ होतं. डॉक्टरांनी घरातल्या इतर मांजरांची चौकशी केली. पुढच्या खेपेला चिंगी आणि ढवळी दोघींना नेलं. चिंगी बाधित निघाली. ढवळी नव्हती, पण लागण ताजी असेल तर चाचणीत दिसत नाही, म्हणून तिची काही आठवड्यांनी पुन्हा केली. तीही स्वच्छ आली.

हा विषाणू मुख्यतः लाळेतून जातो. एकमेकांना चाटणं, एका ताटलीत खाणं, चावे, आणि आईकडून पोटातल्या किंवा दुधावरच्या पिल्लाला. म्हणजे सुकून गेलेली ती पिल्लंही बहुधा यातलीच, आणि भुऱ्याला तो जन्मापासून. रोज दिवेलागणीला मी जे पाहत बसे, त्या वाटेनं दोघांची लागण फिरत राहिली असणार. हे ऐकून चिंगीचा राग येत नाही, कुणाचाच येत नाही. फक्त पोटात तुटतं.

स्कॉटलंडमधल्या ग्लासगो इथं विल्यम जॅरेट यांनी १९६४ साली हा विषाणू शोधला. एकाच घरातल्या मांजरांना एकामागून एक गाठींचा कर्करोग होतो, हे पाहून त्यांना संशय आला होता. कर्करोग संसर्गानं पसरू शकतो, हे मानायला तेव्हा फार थोडे तयार होते. पुढे चाचणी निघाली आणि पुष्कळ ठिकाणी बाधित मांजर संपवण्याचाच सल्ला मिळू लागला. आता तसं नाही. अमेरिकेतल्या मांजरवैद्यांच्या संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट म्हणतात की केवळ चाचणी बाधित आली म्हणून मांजराचा जीव घेऊ नये. काही मांजरं विषाणूला हुसकावतात, काहींत तो अस्थिमज्जेत दबून राहतो. ज्यांच्या रक्तात तो टिकतो त्यांतली बहुतेक तीनेक वर्षांत जातात, पण त्या वर्षांत चांगले दिवसही असतात.

गावात बातमी पोचायला वेळ लागला नाही. "मॅडम, पोराईले लागन ना हे!" माणसाला हा विषाणू होत नाही, गाईबैलांना नाही, कुत्र्यांनाही नाही, हे मी सपरीत बसून किती जणींना सांगितलं असेल. तरी सल्ला एकच होता, पोत्यात घाला आणि दूरच्या शिवारात सोडून द्या. मांजर मारली तर काशीला सोन्याची मांजर दान करावी लागते, असं आपल्याकडे मानतात, त्यामुळे मारायला कुणी धजत नाही. पण आजारी मांजर पोत्यात घालून सोडून देण्याचं पाप कुणी मोजत नाही. ती मरते ती उपाशी, अनोळखी बांधावर, आणि मरण्याआधी तिथल्या मांजरांना आजार देऊन जाते. सोडून देणं हे मारणंच आहे. आत्याबाईंनी विषय एका वाक्यात मिटवला. "माह्या घरातलं जनावर माह्या घरात मरन."

मग घर लावलं. सपरीला कोंबड्यांची जाळी ठोकली. चिंगी-भुऱ्या त्या बाजूला, ढवळी आतल्या खोलीत. ताटल्या, पाण्याची भांडी, वाळूचं घमेलं, सगळं वेगळं. हा विषाणू अंगाबाहेर काही तासच तगतो आणि साबणानं मरतो, म्हणून हात धुणं पुरेसं होतं. आपल्याकडे मांजरांना नेहमी देतात ती तिहेरी लस वेगळ्या आजारांची असते, या आजारापासून ती वाचवत नाही. ढवळीला वाचवणार होती ती ही जाळीच.

भुऱ्याला औषधं चालू झाली. रक्तपेशींवर जगणारा आणखी एक जंतू अशा मांजरांना गाठतो, त्यासाठी डॉक्सिसायक्लिन. ही गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथं जखम करते, म्हणून गोळीमागोमाग सिरिंजनं पाणी पाजायचं. जेवत नव्हता तेव्हा पातळ खिमा सिरिंजनं, गालाच्या बाजूनं, थेंबथेंब. मांजर काही दिवस उपाशी राहिलं की यकृतात चरबी साठून तेवढ्यानंच दगावतं, त्यामुळे दुसरा इलाज नव्हता. खिमा कोंबडीचा, बिनकांद्याचा, बिनमिठाचा. आत्याबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ, घरात अंडंसुद्धा शिजत नाही. त्यांनी स्वतः कोठ्यात विटांची चूल मांडून दिली, वेगळं पातेलं दिलं. मी शाळेत असताना भुऱ्याची वेळ झाली की पदर नाकाला लावून त्या स्वतः त्याला भरवायच्या, मग आंघोळ करायच्या. हिवाळ्यातसुद्धा. त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत आणि मी विचारलं नाही.

भुऱ्या सावरत होता आणि चिंगी पडली. माजावर येऊन गेल्यावर काही आठवड्यांनी ती सारखं पाणी पिऊ लागली, पोट तणावलं, शेपटीखाली घाण वास येणारा स्राव दिसला. गर्भाशयात पू झाला होता. तिचं नसबंदीचं ऑपरेशन ठरलेलंच होतं. बाधित मादीनं पुन्हा पिल्लं घालू नयेत आणि माजाचा ताण तिच्या अंगावर पडू नये, म्हणून ते हवंच असतं. आता ते तातडीचं झालं. डॉक्टरांनी काही लपवलं नाही. या विषाणूनं प्रतिकारशक्ती खचलेली असते, जखम भरायला वेळ लागतो, भूल सोसेल की नाही याची हमी देता येत नाही. न करावं तर पू फुटून ती नक्की जाणार. मी सही केली.

बाहेरच्या बाकावर बसून राहण्यापलीकडे मी त्या दुपारी दुसरं काही केलं नाही. डॉक्टर बाहेर आले, गर्भाशय आणि बीजकोश काढले म्हणाले, आणि तिच्या अंगाखाली गरम पाण्याच्या बाटल्या ठेवायला सांगितल्या, कारण भूल उतरताना मांजराचं अंग गार पडतं. गळ्यातली प्लास्टिकची कॉलर तिनं घरी येताच काढून टाकली. मग आत्याबाईंच्या जुन्या लुगड्याचं चार पायांचं झबलं शिवलं, पाठीवर नाड्या बांधल्या. त्यामुळे टाके चाटता येईनात. उडी मारू नये म्हणून खाट बाहेर काढली. मी जमिनीवर झोपले. कुणी उचललेलं न खपणारी ही मांजर दुसऱ्या रात्री झबल्यासकट माझ्या कुशीत येऊन निजली. टाके एका टोकाला ओले राहिले, प्रतिजैविक वाढवावं लागलं, पण जखम भरली.

भुऱ्याला तेवढं आयुष्य नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात रक्त पुन्हा उतरलं आणि या वेळी औषधानं चढलं नाही. दुसऱ्या मांजराचं रक्त देता येतं, पण मांजरांचे रक्तगट जुळवूनच. चुकीच्या गटाचं रक्त पहिल्याच वेळी घातक ठरू शकतं, आणि मज्जाच रक्त बनवेनाशी झाली असेल तर दिलेलं रक्त काही आठवडेच पुरतं. डॉक्टरांनी हे सगळं समजावून निर्णय आमच्यावर सोडला. आम्ही त्याला घरी आणलं. शेवटचे दिवस तो कोठ्यातल्या त्याच भिंतीपाशी गारव्याला पडून असे. चिंगी त्याच्या मानेवर पंजा ठेवून चाटत राही. दोघंही बाधित, आता अडवायचं कशाला? दोघांची ताटली मी शेवटपर्यंत एकच ठेवली. तो पहाटे गेला. आत्याबाईंनी त्याला परसात लिंबाखाली पुरायला लावलं आणि त्या दिवशी दुपारपर्यंत चहा घेतला नाही.

चिंगी त्यानंतर बरेच दिवस सपरीतून हाका मारत राहिली. मग थांबली. ती अजून आहे, अजून बाधित आहे, वजन राखून आहे. ढवळी आजही स्वच्छ आहे.

तुमच्या घरी मांजर जेवेनाशी झाली, माती चाटू लागली, तिच्या हिरड्या फिक्या पडल्या, तर दोन दिवसही वाट पाहू नका. घरातली तापाची गोळी देऊ नका. एकीची चाचणी केली तर घरातल्या सगळ्यांची करा. आणि बाधित निघाली तर पोतं शोधू नका. तिची ताटली वेगळी करा, नसबंदी करून घ्या आणि तिला घरातच राहू द्या.