चालत्या गाडीला पाना

डोंबिवलीकराला रविवारी सासुरवाडीला जाणे टाळायचे असेल, तर खोटे बोलावे लागत नाही. ‘ठाणे-कल्याण मेगाब्लॉक आहे’ एवढे म्हटले की भागते. आता पाहा, रूळ रेल्वेचे, इंजिनियर रेल्वेचे, पानाही रेल्वेचाच. तरी मनात आले आणि रुळावर उतरले, असे त्यांना करता येत नाही. आधी ब्लॉक मागायचा, मग गाड्या थांबवायच्या, वरच्या तारेशी काम असेल तर तिच्यातली २५,००० व्होल्टची वीज बंद करायची, आणि मगच बोल्टाला हात लावायचा.

हे मी पुतण्याला ऐकवले, कारण तो तणतणत आला होता. तो ठाण्याला प्रोग्रॅम लिहितो. लोक ज्या सर्व्हरवर प्रत्यक्ष पैसे भरतात, त्या चालत्या सर्व्हरला हे लोक ‘प्रॉडक्शन’ म्हणतात. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी तिथे पाऊल ठेवायचे नाही, असा कंपनीचा नवा हुकूम निघाला होता.

“काका, पोळ्या मी लाटायच्या, पण तव्याला हात लावायचा नाही! आणि करपली की हाक मलाच.”

“अरे, पण पंगत बसलेली असते,” मी म्हणालो, “३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब कंपनीत काय झाले?”

ते त्याला पाठच होते. दोन सर्व्हरपैकी राखीव सर्व्हरवरचा डेटाबेस पुसायचा, तर इंजिनियरने चालत्यावरचाच पुसला. सेकंद-दोन सेकंदांत त्याने हात आवरला, पण सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते. प्रती राखण्याच्या पाच तऱ्हा होत्या. ऐन वेळी एकही धड चालेना.

“पण वाचले कशाने, तेही सांगा ना!” पुतण्या उसळला, “सहा तास आधी हाताने काढलेली एक प्रत होती म्हणून. आणि ती काढली होती त्याच गृहस्थाने! हात बांधून ठेवले असते, तर?”

मी गप्प झालो. पण मध्य रेल्वेने तीस वर्षे चेंगरून काढलेला माणूस फार वेळ गप्प बसत नाही. मला लोकलमधली साखळी आठवली. ती कुलपात नसते. कुणीही ओढावी. मात्र ओढली की गाडी थांबते आणि कारण विचारले जाते. छत्री फलाटावर राहिली, हे कारण चालत नाही. १९८९ च्या रेल्वे कायद्याचे १४१ वे कलम हजार रुपयांपर्यंत दंड किंवा वर्षभरापर्यंत कैद सांगते.

“म्हणजे रोजच्या कामाला ब्लॉक आणि आकांताला साखळी,” मी निकाल दिला, “कायमचा पाना खिशात नको, आणि दाराला कुलूपही नको.”

पुतण्याला पटले. जाता जाता त्याने एकच विचारले, “पण काका, रात्री दोनला साखळी ओढली, तर कारण विचारायला आमचे साहेब जागे असतील का?”

रेल्वेला ही अडचण येत नाही. तिचा गार्ड (२०२२ पासून त्याला ट्रेन मॅनेजर म्हणायचे) त्याच गाडीत बसलेला असतो.