अशोक स्तंभ ते सांची : आमच्या सहलीचा बेत

नाशिकचा गंगापूर रोड अशोक स्तंभापासून सुरू होतो. के.टी.एच.एम. महाविद्यालय, गंगापूर नाका, आनंदवल्ली, सोमेश्वर असे करीत तो गंगापूर गावाकडे व धरणाकडे जातो. या रस्त्यालगतच आमची वस्ती. आमच्यापैकी कोणी कारखान्यात, कोणी महानगरपालिकेत, कोणी बंगल्यांवर कामाला जाते, तर आम्ही एका कचेरीत कारकून. रोज अशोक स्तंभाला वळसा घालून कामावर जायचे आणि संध्याकाळी परत यायचे, एवढाच आमचा प्रवास. यंदा दिवाळीच्या सुट्टीत मात्र याच अशोक स्तंभापासून निघून सम्राट अशोकाने ज्याचा पाया घातला, त्या सांचीच्या स्तूपापर्यंत जायचे, असे आमच्या पाच कुटुंबांनी ठरवले आहे.

माणसे सोळा, गाडी सतरा आसनांची, दिवस सात. गेल्या दिवाळीपासून दरमहा माणशी ४०० रुपये भिशीत टाकले, त्याचे वर्षाचे ४,८०० झाले. हिशेब आमच्याकडे आला, कारण बी.कॉम. झालेल्या माणसाकडे वस्तीतले सगळे हिशेब येतातच!

प्रथम मार्ग ठरवला. येवला, छत्रपती संभाजीनगर, दौलताबाद, वेरूळ, अजिंठा, भुसावळ, बऱ्हाणपूर, महू, इंदूर, भोपाळ आणि सांची. येताना मुंबई-आग्रा रस्त्याने धुळे, मालेगावमार्गे घरी. सगळे मिळून सोळाशे ते सतराशे किलोमीटर होतात. गाडीवाल्याशी बोलताना नुसते किलोमीटरचे भाडे विचारू नये. दिवसाला कमीत कमी किती किलोमीटर धरणार, चालकाचा भत्ता, टोल आणि मध्य प्रदेशात शिरतानाचा कर कोणाकडे, हेही कागदावर लिहून घ्यावे. तसे लिहून घेतल्यावर गाडीचा खर्च माणशी ३,२०० आला. मुक्काम व तिकिटांना ७०० धरले. पुरातत्त्व खात्याच्या लेण्यांना १५ वर्षांखालील मुलांना तिकीट नसते, तेवढी बचत.

आम्ही शनिवारी निघायचे ठरवले होते. विहारात बैठक भरली, तेव्हा नववीत शिकणारी एक मुलगी उठून म्हणाली, "काका, अजिंठा सोमवारी बंद असतो आणि वेरूळ मंगळवारी. तुमच्या कागदावर अजिंठा सोमवारीच आलाय." सगळे हसले. आम्ही खाली मान घालून कागद बदलला. आता शुक्रवारी पहाटे निघायचे, शनिवारी वेरूळ आणि रविवारी अजिंठा. हिशेब बरोबर आला तरी वार चुकला तर सारी सहल चुकते, हा धडा आम्हाला मिळाला.

खरा वाद मात्र जेवणावरून झाला. पुरुष मंडळींनी आपसात ठरवून टाकले होते की शेगडी, सिलिंडर, पातेली, तांदूळ, पीठ गाडीवर टाकायचे आणि वाटेत कुठेतरी झाडाखाली स्वयंपाक करायचा. स्वस्त पडते, घरचे अन्न मिळते. आम्हीही मान डोलावली होती. तेव्हा वस्तीतल्या एक ताई म्हणाल्या, "मागच्या वेळी वेरूळला गेलो होतो. तुम्ही लेणी पाहून आलात, आम्ही बटाटे सोलत बसलो. लेणी कशी आहेत, ते मला मुलाच्या फोनमधल्या फोटोवरून कळलं." बैठकीत कोणीच बोलेना. दुसऱ्या एक ताई म्हणाल्या, "घरीही चूल आणि सांचीलाही चूल, तर मग आम्ही कशाला यायचं?"

पुरुषांनी पैशाचे कारण काढले. हॉटेलचे जेवण परवडणार कसे? एवढ्यात आमची आई, जी तोवर कोपऱ्यात बसून ऐकत होती, तिने वेगळाच प्रश्न विचारला. "पण त्या हाटेलात आपल्याला बसू देतात का?"

तरुण मुले हसली. आम्हाला हसू आले नाही. आई निफाड तालुक्यातली. तिच्या तरुणपणी गावच्या स्टँडवरच्या हॉटेलात आमच्या लोकांची कपबशी बाहेर वेगळी ठेवलेली असे. चहा बाहेर उभ्यानेच प्यायचा आणि कप आपणच विसळून ठेवायचा. म्हणून ती प्रवासाला निघाली की भाकरी फडक्यात आणि पाणी तांब्यात. आज तिला कोणी अडवत नाही, पण अजूनही ती एस.टी.तून उतरून हॉटेलात बसत नाही. घरचे बरे, असे म्हणते. आम्ही आजवर याला आईची काटकसर समजत होतो.

त्या रात्री आम्ही बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' पुन्हा काढले. प्रवासात व परगावी वाट्याला आलेले अनुभव त्यांनी त्यात लिहून ठेवले आहेत. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली ते पुस्तिकेच्या रूपात प्रसिद्ध केले. त्यातली एक हकिकत तर आमच्याच रस्त्याची आहे. १९३४ साली चळवळीतल्या सहकाऱ्यांनी बाबासाहेबांसह सहलीला जायचा बेत केला. वेरूळची बौद्ध लेणी काहीही झाले तरी पाहायचीच, असे ठरले. बाबासाहेबांनी नाशिकला यायचे आणि बाकीच्यांनी त्यांना नाशिकलाच मिळायचे, अशी योजना होती. वाटेत अपमान नको म्हणून सहलीचा गाजावाजा केला नाही. जिथे थांबायचे तिथल्याच आपल्या लोकांना कळवले होते. दौलताबादला लोक वाट पाहत उभे होते. आधी चहा-फराळ घ्या, मग किल्ला पाहा, असा त्यांचा आग्रह होता. चहाची तलफ सगळ्यांनाच होती, पण अंधार पडण्यापूर्वी किल्ला पाहून व्हावा म्हणून चहा परत येताना घेऊ, असे सांगून मंडळी पुढे गेली. अंग धुळीने माखलेले. किल्ल्याच्या दरवाजाबाहेर पाण्याने भरलेले टाके होते. काही जणांनी त्यातल्या पाण्याने तोंड, पाय धुतले. तेवढ्यावरून, टाके बाटवले म्हणून आरडाओरडा झाला, माणसे जमली, धमक्या दिल्या गेल्या. शेवटी किल्ला पाहायला मिळाला तो या अटीवर, की आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही. त्यासाठी एक हत्यारी शिपाई बरोबर दिला होता.

दुसऱ्या रविवारी बैठकीत आम्ही ही हकिकत वाचून दाखवली. मग आमच्या ध्यानात आले की, परगावी कोणाच्याही शेजारी बसून, तिथले पदार्थ ताटात मागवून खाणे ही आमच्यासाठी चैन नाही. लेणी पाहण्याइतकाच तो सहलीचा भाग आहे. आणि बायांना चुलीपाशी बसवून आपण लेणी पाहणार असू, तर 'पाण्याला हात लावू नका' म्हणणाऱ्यापेक्षा आपण फार वेगळे नाही.

मग पुन्हा हिशेब मांडला. ४,८०० मधून गाडी, मुक्काम व तिकिटांचे ३,९०० गेले, ९०० उरले. रोज दुपारचे एक जेवण बाहेर, माणशी १२० रुपये, सात दिवसांचे ८४०. उरले ६० रुपये. त्यात चहा बसतो! सकाळी घरून नेलेला चिवडा, दशम्या, शेंगदाण्याची चटणी. रात्री मुक्कामावर खिचडी, आणि ती पुरुषांनी शिजवायची. हा ठराव एकमताने झाला, असे लिहायला हरकत नाही, कारण विरोध करणाऱ्यांना बोलायची संधीच मिळाली नाही.

आता बेत असा आहे. शुक्रवारी सकाळी येवल्याला मुक्तिभूमी. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, ती इथेच. मग संभाजीनगरला पोचून नागसेनवन पाहायचे. मिलिंद महाविद्यालय १९५० साली सुरू झाले. मांसाहार करणाऱ्यांनी त्या शहरातला नान-खलिया चुकवू नये. शनिवारी दौलताबाद आणि वेरूळ. वेरूळची पहिली बारा लेणी बौद्ध आहेत, दहाव्यात चैत्यगृह आहे. रविवारी अजिंठा. आपली गाडी फर्दापूरला उभी करून तिथल्या बसने लेण्यांपर्यंत जावे लागते, तो वेळ धरावा. सव्विसाव्या लेण्यातली महापरिनिर्वाणाची मूर्ती शेवटी येते, म्हणून म्हाताऱ्यांचे पाय आधीच थकवू नयेत. मग खानदेशात कळण्याची भाकरी, वांग्याचे भरीत, शेवभाजी. रात्री भुसावळ. सोमवारी बऱ्हाणपूरची मावा जिलेबी खाऊन महू. मंगळवारी सकाळी जन्मभूमीचे दर्शन. १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेबांचा जन्म या लष्करी छावणीत झाला. तेथील स्मारक २००८ पासून खुले आहे. नंतर इंदूरचे पोहे-जिलेबी आणि संध्याकाळी सांची.

सांचीला महाबोधी सोसायटीचे विश्रामगृह आहे, तिथे आधी पत्र पाठवून जागा विचारावी. सारिपुत्त व मोग्गल्लान यांचे अस्थिधातू परदेशातून परत आल्यावर १९५२ साली तिथल्या नव्या विहारात ठेवले गेले. बुधवारी सकाळी स्तूप शांतपणे पाहून दुपारी परतीला लागायचे, रात्री इंदूरला थांबायचे. गुरुवारी धुळ्याजवळ लळिंगचा लांडोर बंगला पाहायचा, १९३७ साली बाबासाहेब तिथे मुक्कामाला होते. रात्री नाशिक.

तयारी म्हणून दर रविवारी आम्ही वयस्कर मंडळींना त्रिरश्मी लेण्यांच्या पायऱ्या चढवतो आहोत. कोणाचे गुडघे किती चालतात, ते घराजवळच कळलेले बरे. आई परवा तिसऱ्यांदा वर आली. अठराव्या लेण्यातल्या चैत्यासमोर बसून तिने बेताचा कागद मागितला आणि आम्हाला वाचायला लावला. दौलताबादपाशी थांबवून म्हणाली, "तिथं गाडीतलं पाणी काढू नका. त्या लोकांचा चहा आधी राहिला होता ना? आपण आधी हाटेलात बसून चहा घेऊ, मग किल्ला बघू."

आम्ही कागदावर तशी दुरुस्ती केली आहे. शनिवार, दौलताबाद, सकाळी आठ वाजता : चहा, सोळा कप.