रातांब्याचे हात

माझ्या आत्याचे एक छायाचित्र २००७ पासून आंतरजालावर आहे. मे महिन्यातली सकाळ, मागले अंगण, पुढ्यात रातांब्यांचा ढीग आणि फळे फोडून फोडून मनगटाच्याही वर लाल झालेले दोन हात. चेहरा अर्धा वळलेला आहे आणि त्यावर 'हे काय चालवलंयस' असा भाव आहे. छायाचित्र म्हणून ते फार थोर नाही. पण गेल्या काही वर्षांत एखाद्या कवितेवर करावा तेवढा विचार मी त्याच्यावर केला आहे, आणि त्याला कारण घडले ते एका संकेतस्थळावर वेळोवेळी आलेल्या नव्या सोयींचे.

फ्लिकर हे संकेतस्थळ कॅनडातील व्हँकूव्हर येथे २००४ साली सुरू झाले आणि २००५ मध्ये ते याहूने विकत घेतले. तिथे अधूनमधून काही ना काही नवे येत राही. २००६ मध्ये छायाचित्र जगाच्या नकाशावर टाचून ठेवण्याची सोय आली, २००८ मध्ये नव्वद सेकंदांची चलचित्रे आली. मला मोह पडला तो मात्र टॅगांचा. छायाचित्राला हवी ती नावे द्यावीत आणि त्या नावांवरून जगाने ते शोधावे, ही कल्पना आयुष्यभर शब्द शिकवणाऱ्या माणसाला भुरळ घालणारीच होती. मी 'रातांबे', 'आमसुले', 'मागीलदार' ही नावे देवनागरीत लिहिली. शिवाय हात, लाल, भारत, म्हातारी यांचे इंग्रजी प्रतिशब्दही जोडले. पाहणारे आले ते सगळे इंग्रजी शब्दांच्या वाटेने. 'लाल' या नावाखाली माझी आत्या लंडनच्या बशीच्या आणि कुठल्याशा रंगवलेल्या दाराच्या शेजारी जाऊन बसली. 'रातांबे' या नावाखाली ती एकटीच होती.

छायाचित्र चढवताना आणखी एक निवड करावी लागे, ती परवान्याची. सर्व हक्क राखून ठेवावेत किंवा क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यांपैकी एखादा स्वीकारावा. मी सर्वांत उदार परवाना निवडला: छायाचित्रकाराचे नाव द्या, मग वापरा, बदला, विका. त्या वर्षी मी एम. ए.च्या वर्गाला रोलां बार्थचा लेखकाच्या मृत्यूविषयीचा निबंध शिकवत होतो. संहिता लेखकाच्या मालकीची नसते हे फळ्यावर लिहिणाऱ्याने स्वतःच्या छायाचित्रावर कुंपण घालावे, हे मला विसंगत वाटले. आपण तत्त्वाला जागलो, याचे थोडे समाधानही वाटले.

पुढे काही वर्षांनी एका परदेशी प्रकाशनाने ते छायाचित्र ग्रामीण दारिद्र्यावरील लेखासोबत छापले. खाली माझे नाव अचूक होते. परवान्याची अट पुरी झाली होती आणि तक्रारीला जागा नव्हती. फक्त आत्या दरिद्री नव्हती. ती झाडे तिची होती, घर तिचे होते, आणि त्या वर्षीची आमसुले तिने आपल्या अटींवर भाव ठरवून दिली होती. तिच्या हातांचा लाल रंग लेखाच्या संगतीत कष्टांचा, जखमेचा रंग झाला होता. संदर्भ बदलला की अर्थ बदलतो, हेही मी वर्गात शिकवतच होतो.

२०१४ च्या नोव्हेंबरात फ्लिकरने भिंतीवर लावायची चित्रे विकायला काढली. कॅनव्हासवर किंवा लाकडावर छापून घरपोच. निवडक छायाचित्रकारांना विक्रीतले ५१ टक्के मिळायचे. पण ज्यांनी माझ्यासारखा उदार परवाना दिला होता त्यांची छायाचित्रेही त्या कोट्यवधींच्या साठ्यात होती आणि त्यांचे उत्पन्न संपूर्ण कंपनीचे होते. कायद्याने यात काही वावगे नव्हते. तरीही जगभरातून नाराजी उमटली आणि डिसेंबरात कंपनीने ती छायाचित्रे विक्रीतून काढून घेतली, झालेल्या विक्रीचे पैसे परत करण्याचे कबूल केले. लोक चिडले ते पैशांसाठी नव्हेत. दिलेली वस्तू आणि घेतलेली वस्तू एकच असली, तरी देणे आणि घेतले जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना त्या दिवशी कळले.

मला मात्र दुसराच प्रश्न छळू लागला. मी जे दिले ते माझे होते का?

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे सतरावे कलम मी तेव्हा प्रथम वाचले. छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते काढणारा, आणि सामान्यतः पहिला मालकही तोच. पण एखाद्याने मोबदला देऊन स्वतः सांगून छायाचित्र काढवून घेतले असेल, तर वेगळा करार नसल्यास मालकी त्या काढवून घेणाऱ्याची. म्हणजे आत्या राजापूरच्या एखाद्या स्टुडिओत जाऊन पैसे मोजून बसली असती, तर ते छायाचित्र तिचे झाले असते. भाच्याने मायेने, फुकट, न विचारता काढले, म्हणून ते भाच्याचे झाले. माया आणि मालकी यांची अशी गाठ कायद्याने घातलेली पाहून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो.

बार्थचेच १९८० सालचे पुस्तक मग आठवले. छायाचित्रणावरच्या त्या चिंतनाचा गाभा आहे त्याच्या आईचे बालपणीचे एक छायाचित्र. पुस्तकात इतर अनेक छायाचित्रे आहेत. ते एक मात्र त्याने छापलेले नाही. लेखकाच्या मृत्यूची वार्ता देणारा हा माणूस आईच्या बाबतीत एवढा राखून राहिला, हे मी आधीही वाचले होते, पण केवळ परीक्षेच्या उत्तरातला एक मुद्दा म्हणून.

छायाचित्रे विकणाऱ्या संकेतस्थळांवर ओळखू येणाऱ्या व्यक्तीचे छायाचित्र व्यापारी वापरासाठी द्यायचे, तर त्या व्यक्तीच्या सहीचे संमतिपत्र लागते. मला विकायचे काहीच नव्हते. तरी तसा एक कागद मी मराठीत उतरवला आणि २०१५ च्या मे महिन्यात आत्यापुढे ठेवला. आठ वर्षे उशिरा. तिने चष्मा लावून तो सगळा वाचला.

"यात माझं काय विकलं जाणार?" तिने विचारले.

मी तिला छापलेल्या लेखाची हकीकत सांगितली. ती रागावेल अशी माझी अपेक्षा होती. बहुधा इच्छाही होती.

"हात लाल कशानं झाले, ते कुठं लिहिलं होतं का त्यांनी?"

"नाही."

"तू लिहिलं होतंस?"

टॅगांत लिहिले होते. पण ते शब्द वाचणारा तिथे कोणी नव्हता. छायाचित्राखाली चार ओळींची जागा होती, ती मी रिकामी ठेवली होती.

"मग सही कशाला हवी?" तिने कागद परत केला. "लावायचा त्यानं लावावा भिंतीवर. खाली आमसुलं म्हणून लिही."

त्या रात्री मी ती चार ओळींची जागा भरली: रातांबा कसा फोडतात, बिया काढून साल कशी वाळवतात, मीठ घातलेल्या रसात ती पुन्हा पुन्हा कशी बुडवतात, हे आधी मराठीत आणि मग इंग्रजीत. तिचे नाव घालू का, असे विचारले तेव्हा ती नको म्हणाली. परवाना मी बदलला नाही. बदलून उपयोगही नव्हता. एकदा दिलेला क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना ज्याने घेतला त्याच्याकडून परत घेता येत नाही.

आत्या २०१७ मध्ये गेली. २०१८ च्या एप्रिलमध्ये फ्लिकर स्मगमग या कंपनीकडे गेले आणि त्याच नोव्हेंबरात घोषणा झाली: फुकट खात्यावर एक हजारच छायाचित्रे राहतील, वरची जुनी पुसली जातील. माझी हजाराहून बरीच जास्त होती आणि आत्या सर्वांत जुन्यांत होती. पण घोषणेत एक अपवाद होता. १ नोव्हेंबर २०१८ पूर्वी क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याने दिलेली छायाचित्रे पुसली जाणार नव्हती. बाकीची, हक्क राखून ठेवलेली, मी स्वतःच उतरवून घेतली. ती आता एका डबीत आहेत आणि कोणी पाहत नाही.

ज्या परवान्याची मला लाज वाटत आली, त्यानेच ते एक छायाचित्र तिथे राखले. याने माझी चूक बरोबर ठरते असे मी मानत नाही. मात्र मध्यंतरी 'रातांबे' या शब्दावर सहज टिचकी मारली, तेव्हा तिथे आणखी तीन छायाचित्रे दिसली. कोणाची, ठाऊक नाही. एकात नुसतीच फळे आहेत, दोनांत हात.